रेडिओ-नियंत्रित मॉडेलसाठी एलईडी दिवे : आकडेमोड, जोडणी आणि सुरक्षितता

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक रेडिओ-नियंत्रित विमान तयार केले. संध्याकाळी उडवताना दिसावे म्हणून त्यांनी पंखांवर एलईडी लावले आणि त्यांना वीज रिसीव्हरच्या ५ व्होल्टच्या मोकळ्या पिनमधून दिली. जमिनीवर सगळे छान चालले. चौथ्या उड्डाणात डाव्या पंखातली दिव्याची वायर सर्वोच्या भुजेला घासून उघडी पडली आणि तिच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. शॉर्ट झाल्यामुळे ५ व्होल्टचा पुरवठा बसला, रिसीव्हर बंद पडला आणि विमान मैदानाच्या कडेला आदळले. तिथून दहा पावलांवर मुले उभी होती. कोणाला लागले नाही, हे नशीब.

त्या जोडणीतली आकडेमोड बरोबर होती. चुकली होती ती रेझिस्टरची जागा आणि वीज घेण्याचे ठिकाण. म्हणून या पाठात आपण दोन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. एलईडीमधून किती प्रवाह जाईल हे कोण ठरवते? आणि दिव्यात बिघाड झाला तर त्याच्याबरोबर आणखी काय बंद पडते?

१. कोणता दिवा कुठे

खऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि शेपटीवर पांढरा दिवा असतो. लाल आणि हिरवा दिवा समोरच्या दिशेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंत दिसतो आणि मागचे १४० अंश पांढऱ्या दिव्याचे असतात. त्यामुळे विमान आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, हे पाहणाऱ्याला कळते. मॉडेल उडवणाऱ्यालाही याचा तितकाच उपयोग होतो, कारण अंधूक उजेडात मॉडेलची दिशा ओळखताना चूक झाली की चुकीच्या बाजूला वळण दिले जाते. म्हणजे हे दिवे केवळ शोभेचे नाहीत.

२. एलईडीला व्होल्टेज नव्हे, प्रवाह द्यायचा असतो

एलईडी हा डायोड आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ बंद असतो आणि त्यापुढे व्होल्टेज थोडे वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. साध्या ५ मिलीमीटर एलईडीसाठी हे व्होल्टेज लाल रंगात सुमारे २.० आणि पांढऱ्या, निळ्या व तेजस्वी हिरव्या रंगात सुमारे ३.२ व्होल्ट असते. जुन्या पद्धतीच्या पोपटी-हिरव्या एलईडीत ते २.१ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून हिरवा एलईडी वापरण्याआधी मल्टीमीटरने मोजून घ्या. अशा एलईडीचा नेहमीचा कमाल प्रवाह २० मिलीअँपिअर धरतात. आपण १५ मिलीअँपिअरवर थांबू.

एलईडी स्वतः प्रवाह रोखत नाही, म्हणून ते काम एकसर जोडलेला रेझिस्टर करतो :

रोध = (पुरवठ्याचे व्होल्टेज − सर्व एलईडींवरील व्होल्टेज) ÷ प्रवाह

३. बॅटरीचे व्होल्टेज स्थिर नसते

मॉडेलमध्ये बहुधा तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिच्यावर ११.१ व्होल्ट छापलेले असते, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ती १२.६ व्होल्ट देते आणि उड्डाण संपवण्याच्या वेळी सुमारे १०.५ व्होल्टवर येते. आकडेमोड १२.६ वर करायची, म्हणजे एलईडी जळणार नाही. मग १०.५ वर तपासायची, म्हणजे दिवा पुरेसा उजळ राहील याची खात्री होते. दोन उदाहरणे पाहू.

*उदाहरण अ :* तीन पांढरे एलईडी एकसर. त्यांच्यावर ९.६ व्होल्ट, उरले ३.०. रोध = ३.० ÷ ०.०१५ = २०० ओहम. बाजारात मिळणारा पुढचा रेझिस्टर २२० ओहमचा. प्रवाह १३.६ मिलीअँपिअर. बॅटरी उतरल्यावर उरतात ०.९ व्होल्ट, म्हणजे प्रवाह फक्त ४.१ मिलीअँपिअर.

*उदाहरण ब :* दोन पांढरे एलईडी एकसर. त्यांच्यावर ६.४ व्होल्ट, उरले ६.२. रोध सुमारे ४१३ ओहम, म्हणून ४७० ओहमचा रेझिस्टर. प्रवाह १३.२ मिलीअँपिअर. बॅटरी उतरल्यावर ४.१ ÷ ४७० = ८.७ मिलीअँपिअर.

पहिल्या रचनेत वीज कमी वाया जाते, पण उड्डाणाच्या शेवटी, म्हणजे अंधार वाढलेला असताना, प्रवाह एक-तृतीयांशाखाली येतो. प्रवाह कमी झाला की एलईडीवरचे व्होल्टेजही थोडे घटते, त्यामुळे प्रत्यक्ष घसरण याहून थोडी कमी असते. निष्कर्ष मात्र बदलत नाही. रेझिस्टरसाठी जितके जास्त व्होल्ट उरतात, तितका प्रवाह स्थिर राहतो. म्हणून आपण दुसरी रचना निवडू. डाव्या पंखासाठी तीन लाल एलईडी घेतले, तर त्यांच्यावर ६.० व्होल्ट पडतात आणि तोच ४७० ओहमचा रेझिस्टर १४ मिलीअँपिअर देतो.

४. एक रेझिस्टर, अनेक समांतर एलईडी : हे टाळा

चार एलईडी समांतर जोडून सर्वांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. पण एकाच पाकिटातले एलईडीही हुबेहूब सारखे नसतात. ज्याचे व्होल्टेज थोडे कमी, तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो, आणि तापल्यावर त्याचे व्होल्टेज आणखी घटते. मग तो अजून जास्त प्रवाह ओढतो आणि शेवटी जळतो. त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो आणि तेही एकामागोमाग जातात. नियम सोपा आहे : प्रत्येक एकसर साखळीला तिचा स्वतंत्र रेझिस्टर.

५. लुकलुकणारा दिवा

यासाठी एनई ५५५ हा टायमर पुरेसा आहे. तो ४.५ ते १६ व्होल्टवर चालतो, म्हणजे आपल्या बॅटरीवर थेट जोडता येतो. जोडणी अशी :

- पिन ८ आणि ४ धन टोकाला, पिन १ ऋण टोकाला.
- धन टोक ते पिन ७ : १०० किलोओहम. पिन ७ ते पिन ६ : १० किलोओहम.
- पिन ६ आणि २ एकत्र. तिथून ऋण टोकापर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.
- पिन ५ ते ऋण टोक : १० नॅनोफॅरड. पिन ८ ते पिन १ : १०० नॅनोफॅरड, शक्य तितका चिपजवळ.
- धन टोक ते पिन ३ : ४७० ओहम आणि दोन पांढरे एलईडी एकसर, कॅथोड पिन ३ कडे.

अशा जोडणीत पिन ३ खाली गेली की दिवा लागतो.

लागण्याचा काळ = ०.६९३ × १० किलोओहम × १० मायक्रोफॅरड = ०.०७ सेकंद
विझण्याचा काळ = ०.६९३ × ११० किलोओहम × १० मायक्रोफॅरड = ०.७६ सेकंद

एक आवर्तन ०.८३ सेकंदाचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ७२ झळका. विमानांच्या टक्करविरोधी दिव्यांसाठी मिनिटाला ४० ते १०० झळका अशी मर्यादा आहे, तिच्यात हे बसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या किमतीत २० टक्के फरक धरला तरी ६० ते ९० झळका मिळतील.

६. वीज कुठून घ्यावी आणि रेझिस्टर कुठे बसवावा

आता सुरुवातीच्या अपघाताकडे येऊ. दिवे आणि रिसीव्हर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर होते आणि रेझिस्टर पंखाच्या टोकाला, एलईडीजवळ होते. त्यामुळे वायर वाटेत शॉर्ट झाली तेव्हा मध्ये कोणताच रोध नव्हता. तेच रेझिस्टर पंखाच्या मुळाशी, पुरवठ्याजवळ असते, तर काय झाले असते? त्या साखळीत १२० ओहम होते. शॉर्ट झाल्यावर प्रवाह ५ ÷ १२० = ४२ मिलीअँपिअर, म्हणजे एक दिवा विझला असता आणि विमान परत आले असते.

यावरून चार नियम :

- रेझिस्टर नेहमी धन तारेत, बॅटरीच्या बाजूला बसवा. आपल्या ४७० ओहमच्या साखळीत वायर शॉर्ट झाली तर प्रवाह फक्त २७ मिलीअँपिअर होतो. त्या वेळी रेझिस्टरमध्ये ०.३४ वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटऐवजी अर्ध्या वॅटचा घ्या.
- दिव्यांची वीज रिसीव्हरकडून न घेता मुख्य बॅटरीवरून वेगळ्या तारांनी घ्या. बॅलन्स कनेक्टरवरून घेतल्यास फक्त सर्वांत बाहेरच्या दोन तारा वापरा. मधल्या तारेवरून घेतली तर एकच सेल जास्त उतरतो.
- या शाखेत बॅटरीजवळ २५० मिलीअँपिअरचा छोटा फ्यूज लावा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास कित्येक अँपिअर प्रवाह देते आणि पातळ वायर पेट घेऊ शकते.
- वायर सर्वोच्या भुजांपासून आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून दूर बांधा. जोडांवर हीट श्रिंक नळी चढवा.

बॅटरी लवकर संपेल ही भीती नको. दोन पंख, शेपूट आणि ५५५ मिळून सुमारे ५० मिलीअँपिअर लागतात. दहा मिनिटांत ८.३ मिलीअँपिअर-तास, म्हणजे १००० मिलीअँपिअर-तासाच्या बॅटरीचा एक टक्काही नाही.

७. उड्डाणापूर्वीची तपासणी

मोटरचा पंखा काढून ठेवा. दिवे लावा, प्रत्येक साखळीतला प्रवाह मोजा आणि आकडेमोडीशी ताडून पाहा. मग सर्व सर्वो टोकापासून टोकापर्यंत हलवा आणि वायर कुठे घासते का ते डोळ्यांनी पाहा. शेवटी पंखाकडे जाणाऱ्या दोन तारा मुद्दाम क्षणभर एकमेकींना टेकवा. दिवा विझला पाहिजे आणि सर्वो चालत राहिले पाहिजेत. ही चाचणी करायला भीती वाटत असेल, तर जोडणी अजून उडवण्याजोगी झालेली नाही असे समजा.

सारांश

प्रवाह रेझिस्टर ठरवतो. त्याची किंमत पूर्ण चार्ज बॅटरीवर काढा, उतरलेल्या बॅटरीवर तपासा आणि त्याची जागा बिघाडाचा विचार करून निवडा. दिवा बंद पडला तर चालेल. त्याने मॉडेलचे नियंत्रण सोबत नेता कामा नये.

स्वाध्याय

१. दोन सेलच्या बॅटरीवर (८.४ ते ७.० व्होल्ट) दोन पांढरे एलईडी एकसर लावल्यास १५० ओहमच्या रेझिस्टरने दोन्ही टोकांना किती प्रवाह मिळेल? मॉडेल कारच्या पुढच्या दिव्यासाठी तुम्ही ही रचना निवडाल का? कारण द्या.

२. ५५५ च्या जोडणीत १० किलोओहमऐवजी २२ किलोओहम वापरल्यास झळकेचा काळ आणि मिनिटातील झळका किती होतील?

३. रेझिस्टर ऋण तारेत बसवला आणि पंखातली धन तार बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या धातूच्या भागाला टेकली, तर काय होईल? आकृती काढून स्पष्ट करा.