साठी, बुद्धी आणि रक्तवाहिन्या

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की विसरभोळेपणा वयाबरोबर येणारच, असं घरातली सगळीच माणसं धरून चालतात. पण उतारवयात बुद्धी मंदावण्यामागे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचा वाटा मोठा असतो, आणि तो बिघाड पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत अंगावर काढलेल्या रक्तदाबातून सुरू होतो. तेव्हा व्यायामाचा हिशेब वजनकाट्यावर करण्याआधी रक्तवाहिन्यांत करायला हवा.

पहिला गैरसमज रक्तवाहिनीबद्दलचाच आहे. ती म्हणजे एक नळी, वयानुसार तिच्यात कचरा साचतो आणि ती तुंबते, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. खरं तर रक्तवाहिनी जिवंत आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन या रसायनाने पट्टी सैलावत असे; तेच अस्तर घासून काढलं की सैलावणं बंद. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तराकडून येत होता. 1980 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा होता, हे पुढे सिद्ध झालं आणि 1998 मध्ये फर्चगॉट यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं.

व्यायामाचं मर्म इथेच आहे. आपण झपझप चालायला लागलो की रक्ताचा वेग वाढतो आणि वाहतं रक्त अस्तराला जास्त जोराने घासून जातं. हे घर्षण पेशींना कळतं, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतले स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंदावते. असं नियमाने घडत राहिलं की अस्तर हे काम अधिक चांगलं करू लागतं. चरबी एक ग्रॅमही कमी झाली नाही तरी हा फायदा मिळू शकतो. ‘वजन उतरत नाही, मग चालून काय उपयोग?’ म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

आता मेंदू. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विसाव्याच्या वेळी लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे वीस टक्के त्याला लागतो. वयानुसार महाधमनी ताठर होते. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याला किंचित फुगून धक्का स्वतःत जिरवते. ताठर झाली की तो धक्का पुढे सरकतो आणि मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्यांवर आदळत राहतो. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूच्या आतल्या भागात सूक्ष्म इजा साठत जातात. दुखत काहीच नाही. ‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे.

‘बीपीवाल्याने व्यायाम करू नये, दाब आणखी चढतो,’ हेही नेहमी कानावर येतं. चालताना वरचा आकडा वाढतो, हे खरं. पण थांबल्यानंतर तो कित्येक तास आधीच्यापेक्षा खाली राहू शकतो आणि रोजच्या सवयीने विसाव्याचा दाबही उतरतो. सावधगिरी कुठे हवी? आकडा 180/110 च्या घरात असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर. आणि श्वास कोंडून जड वजन उचलणं टाळावं. 1985 साली कॅनडात वजन उचलणाऱ्यांच्या धमनीतला दाब थेट मोजला, तेव्हा पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी 320/250 पर्यंत गेला होता.

उलट, स्थिर ताणाचे व्यायाम दाब उतरवायला फार चांगले ठरतात. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं राहायचं, श्वास चालू ठेवायचा. थोडी विश्रांती घेत असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला मांड्या थरथरतात, तेव्हा कमी वाकावं. 2023 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने 270 चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यात अशा व्यायामांनी वरचा आकडा सरासरी आठने, तर चालण्या-पळण्यासारख्या व्यायामांनी साडेचारने उतरलेला दिसला.

हे आकडे पाहिले की गोळी का सोडायची नाही, हेही समजतं. 160 वरून आठ वजा केले तरी 152 उरतात. डॉक्टरांनी मात्रा कमी केली तर उत्तम. आपल्या मनाने नाही. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांचा दाब औषधांनी 120 च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट होतं, उरलेल्यांचा 140 च्या. पहिल्या गटात स्मृती-आकलनातल्या सौम्य घसरणीचा धोका 19 टक्क्यांनी कमी निघाला.

‘आता या वयात काय होणार?’ 2011 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात 120 ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर नियमाने चालले. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा त्यांच्या मेंदूतला भाग सुमारे दोन टक्के वाढला. फक्त अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. मात्र स्मृतिभ्रंश जडल्यावर व्यायामाने तो आटोक्यात येईल, अशी आशा कुटुंबीयांना कुणी दाखवू नये. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत अशा रुग्णांची शारीरिक क्षमता सुधारली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. त्यामुळे जोर द्यायचा तो आधीच्या वर्षांवर.

एक अडचण आपल्याकडची. व्यायाम सुटला की काही आठवड्यांतच दाबावरचा फायदा ओसरू लागतो, आणि आपल्याकडे चालणं सुटतं ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर या काळात इमारतीचे जिने आणि घरातली एक मोकळी भिंत एवढं पुरतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागला पाहिजे.