पिव्होट पुरतो तिथे पायथन कशाला?

"टॅलीतून वर्षभराचा डेटा एक्सपोर्ट केलाय. आता त्याचा सारांश काढायचा तर पायथन शिकावं लागेल ना?" दुकानदार हे विचारतात, सोसायटीचे खजिनदार विचारतात, पतसंस्थेतले क्लार्कही विचारतात. हे त्यांच्या डोक्यात भरवणाऱ्यांची चीड येते. बारा हजार ओळींच्या विक्रीतून पार्टीवार आणि महिनावार एकूण हवं असेल, तर कोडची एक ओळही लागत नाही.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल नव्वदच्या दशकातल्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. डेटातल्या कुठल्याही सेलवर क्लिक करा, 'इन्सर्ट'मधून पिव्होट टेबल घ्या, पार्टीचं नाव 'रोज'मध्ये ओढा आणि रक्कम 'व्हॅल्यूज'मध्ये. झाला सारांश. गूगल शीट्समध्ये आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय फुकट मिळते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "एक्सेलला मोठा डेटा झेपत नाही." मोठा म्हणजे किती? 2007च्या आवृत्तीपासून एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये 65,536च मावत. 2020 साली 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळात पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या आकडेवारीतून 15,841 कोरोनाबाधित गळले. बीबीसीने तेव्हा दिलेल्या बातमीनुसार त्यांची यंत्रणा हाच जुना फॉरमॅट वापरत होती; ओळी संपल्या की पुढचे रुग्ण वगळले जात होते. दहा लाखांपुढचा डेटा असला, तरी पॉवर क्वेरीने तो डेटा मॉडेलमध्ये घेऊन त्यावर पिव्होट लावता येतो. साफसफाईचे नियम फार गुंतागुंतीचे असतील किंवा तेच काम रोज रात्री सर्व्हरवर आपोआप चालायला हवं असेल, तर पायथन जरूर शिका.

खरा घोटाळा साधन निवडण्याआधीच होतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बँकेच्या सीएसव्हीत 05/04/2024 असतं, म्हणजे 5 एप्रिल. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल आणि फाइल डबल-क्लिक करून उघडली, तर एक्सेल ती 4 मे धरतं. 25/04/2024चं काय? पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटते. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी अशा जानेवारी ते डिसेंबरमध्ये विखुरतात आणि उरलेल्या कुठल्याच महिन्यात येत नाहीत. पायथनने हे सुटत नाही. त्यातल्या पांडास लायब्ररीलाही 'दिवस आधी' असं बजावलं नाही, तर 05/04 ही 4 मेच वाटते.

म्हणून फाइल डबल-क्लिकने उघडू नका. 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करा, तारखेच्या कॉलमला 'इंग्लिश (इंडिया)' लोकेल द्या आणि खाते क्रमांकाला 'टेक्स्ट'. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपतं. सोळावा अंक शून्य होतो आणि सुरुवातीची शून्यं उडतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फिल्टर लावला तरी 'सम' लपलेल्या ओळीही मोजतो. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी तर 'सबटोटल' वापरा. सीएसव्ही ही एक्सेलची फाइल नव्हे, साधा मजकूर आहे. त्यात सेव्ह केलंत तर फॉर्म्युले आणि इतर शीट जातात. मूळ आकडा बदलला, तर एक्सेलचा पिव्होट सहसा रिफ्रेश केल्याशिवाय बदलत नाही. आणि एआय चॅटबॉटने सांगितलेली बेरीज बरोबरच असते असं नाही. त्याने कोड चालवून मोजली की नुसती लिहून टाकली, ते तपासा.

साधन कुठलंही असो, बँकेच्या स्टेटमेंटचा सारांश झाला की एक ताळा करा. सुरुवातीच्या शिलकेत सगळे जमा मिळवा, सगळे नावे वजा करा. अखेरची शिलक रुपया-पैशासकट जुळली, तरी महिनावार तक्त्यात स्टेटमेंटच्या काळाबाहेरचा एखादा महिना उगवलाय का ते पाहा, कारण तारखेची चूक एकूण बेरजेत दिसत नाही.