एक अस्सल, अकरा नकला : फायरवॉल यंत्रांची पूर्ण डिस्क-प्रत

बीड-परळी मार्गावरील वडवणी हे बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी एकाचे मुख्य ठिकाण. सातबाराचा उतारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज ही ग्रामीण जीवनाशी निगडित कामे आता संगणकांच्या जाळ्यावरून होतात. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात. निघण्यापूर्वी हवा असलेला दाखला यंत्र बंद असल्यामुळे अडला, तर त्यांच्या खेपा वाया जातात आणि मजुरीही बुडते. म्हणूनच संगणकीय सुरक्षितता हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

वेशीवरचा पहारा

कार्यालयातील जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मध्ये उभे असलेले यंत्र म्हणजे फायरवॉल होय. वेशीवरील पहारेकरी जसा येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करी, तसे हे यंत्र ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे माहितीची ये-जा होऊ देते किंवा अडविते. ते बिघडले की सर्व कार्यालय अडते. काम अडू नये म्हणून फायरवॉल वगळून थेट जोडणी केली, तर वेस सताड उघडी राहते.

समजा, जिल्ह्यातील अकराही तालुक्यांच्या ठिकाणी असे एकेक यंत्र बसवावयाचे आहे. प्रत्येक यंत्र हाताने सिद्ध करू गेल्यास तेच काम अकरा वेळा करावे लागेल. शिवाय कोठे तरी एखादा नियम राहून जाईल. त्यापेक्षा एकच यंत्र काळजीपूर्वक सिद्ध करून त्याच्या संपूर्ण डिस्कची नक्कल इतर यंत्रांवर उतरविणे हा श्रेयस्कर मार्ग आहे.

प्रत कशी घेतात?

केवळ फाइलींची नक्कल येथे पुरत नाही. यंत्र सुरू करणारा भाग व डिस्कच्या विभागांची मांडणी फाइलींच्या नकलेत येत नाही. पूर्ण डिस्क-प्रतीत हे सारे येते. म्हणून ती नव्या डिस्कवर उतरविताच यंत्र चालू होऊ शकते.

साध्या संगणकावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स यांसारखी मुक्त फायरवॉल प्रणाली बसविता येते. मूळ यंत्र अद्ययावत करून, नियम घालून व तपासून झाल्यावर ते बंद करावे. चालू यंत्राची प्रत अर्धवट राहण्याचा संभव असतो. नंतर पेनड्राइव्हवरील क्लोनझिलासारख्या साधनाने यंत्र सुरू करून डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले हे साधन विनामूल्य असून ते एकाच वेळी अनेक यंत्रांवरही प्रत उतरवू शकते. नवी डिस्क मूळ डिस्कएवढी अथवा तिच्याहून मोठी असावी. तयार विकत घेतलेल्या फायरवॉल उपकरणांसाठी मात्र उत्पादकाने सांगितलेली पद्धतच वापरावी.

रुजुवात आणि वेगळी ओळख

अभिलेख कक्षात नक्कल तयार करणारा एक व रुजुवात घेणारा दुसरा, अशी प्रथा आहे. तीच शिस्त येथेही हवी. एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने प्रतीवरून एक दीर्घ अंक काढता येतो. प्रतीत एका बिंदूचा फरक पडला तरी हा अंक बदलतो. तो नोंदवहीत लिहून ठेवावा व प्रत उतरविण्यापूर्वी ताडून पाहावा.

नक्कल गुणांची होते तशी दोषांचीही होते. मूळ यंत्रातील एक चूक अकरा ठिकाणी जाते. तसेच यंत्राचे नाव, जाळ्यावरील पत्ता, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही जशाच्या तशा उतरतात. सर्व वेशींना एकच कुलूप लावले, तर एक किल्ली चोरीस जाताच सर्व दारे उघडतात. इंटरनेटवरील असंख्य उपकरणे समान किल्ल्या वापरीत असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना २०१२ साली आढळून आले होते. यास्तव प्रत उतरविल्यावर प्रत्येक यंत्राला स्वतःचे नाव, पत्ता, पासवर्ड व नव्या किल्ल्या देणे अनिवार्य समजावे.

बंदराने दिलेला धडा

प्रत कोठे ठेवावी, याचे उत्तर २०१७ च्या एका घटनेत मिळते. त्या वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक संगणकीय हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली व न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीची जगभरातील मुख्य नियंत्रक यंत्रे परस्परांच्या प्रती बाळगून होती. परंतु ती एकमेकांना जोडलेली असल्याने एकदमच नष्ट झाली. आफ्रिकेतील घाना येथील एक यंत्र तेवढे वाचले, कारण त्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे ते जाळ्यापासून तुटलेले होते. त्या एका प्रतीचा आधार मिळाला. पुढे सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करण्यात आले.

तात्पर्य हे की, जाळ्याला जोडलेली प्रत ही खरी राखीव प्रत नव्हे. एक प्रत जाळ्यापासून अलग, कुलूपबंद कपाटात असावी व दुसरी अन्य गावी असावी. प्रतीत गुप्त माहिती असल्याने ती सांकेतिक रूपात ठेवावी. प्रत परत उतरविताना यंत्रावरील जुन्या नोंदी पुसल्या जातात, हेही ध्यानी घ्यावे. संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करण्याचा निर्देश केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिला आहे. त्यासाठी त्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर साठवाव्यात.

आपली जबाबदारी

अधिकाऱ्यांनी नियम बदलल्यावर नवी प्रत घेतली जाते किंवा नाही, हे पाहावे. पंचायत सदस्यांनी खरेदीच्या अटींत एक राखीव डिस्क आणि प्रत उतरवून दाखविण्याची चाचणी यांचा समावेश करण्याचा आग्रह धरावा. शिक्षकांना शाळेतील संगणक कक्ष सिद्ध करण्यासाठी हीच पद्धत उपयोगी पडेल. जी प्रत एकदाही उतरवून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. सहा महिन्यांतून एकदा राखीव डिस्कवर प्रत उतरवून यंत्र सुरू करून पाहिले, तर प्रत्यक्ष संकटाच्या दिवशी दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.