पिकल्या पानातले हिरवे बेट

पंख पसरून मोजला तरी एक्टोएडेमिया सबबायमॅक्युलेला हा पतंग जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर भरतो. मोहरीचे तीन दाणे ओळीने ठेवावेत, तेवढा. काळपट पंखांवर फिकट पिवळसर ठिपके असतात. युरोपातल्या ओकच्या झाडांवर तो जगतो. हॅवर्थ या इंग्रज अभ्यासकाने १८२८ साली त्याचे वर्णन केले.

त्याची अळी पानाच्या आत राहते. वरचा आणि खालचा पापुद्रा शाबूत ठेवून ती मधला हिरवा गर खाते. लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या पानांवर रुपेरी नागमोडी रेघ ओढणारी अळीही पानाच्या आतच राहते, पण ओकवरच्या या अळीची वेळ निराळी. मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि अळीचे खरे खाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ऐन पानगळीत चालते. आधी शिरेलगत बारीक बोगदा, मग मधली शीर आणि उपशीर यांच्या बेचक्यात पसरट पोकळी. पोकळीच्या तळाशी एक चीर असते आणि विष्ठा तिच्यातून बाहेर पडते. जवळच्या एका जातीपासून ही जात ओळखायला ती चीर उपयोगी पडते.

पान पिवळे पडते, गळते, तपकिरी होते. अळीभोवतीचा तुकडा मात्र हिरवागार राहतो. पानगळीआधी झाड पानातले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडून प्रथिनांतला नायट्रोजन परत ओढून घेते. अळीभोवती सायटोकायनिन ही वनस्पती-संप्रेरके साचली की ते काम तेवढ्या जागी थांबते. यात अळीच्या शरीरातल्या जिवाणूंचा हात असू शकतो, हे दाखवणारा, सफरचंदाच्या पानात राहणाऱ्या दुसऱ्या एका पतंगावर फ्रान्समध्ये झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक दिल्यावर अळ्यांच्या शरीरातले जिवाणू नाहीसे झाले आणि त्याबरोबर हिरवी बेटेही उमटेनाशी झाली. झाडाने टाकून दिलेल्या पानात अन्न ताजे ठेवण्याची ही किमया खरोखर थक्क करणारी आहे. त्या पानाचे वर्षभराचे काम तोवर संपलेले असल्याने ओकचे यात फारसे बिघडतही नाही.

पोट भरले की अळी बाहेर पडून मातीत कोष विणते. पतंग निघतो तो पुढच्या उन्हाळ्यात. पडलेला पाला गोळा करून जाळला, तर अळ्याही त्याबरोबर जळतात. म्हणून ओकखालचा पाला तिथेच राहू द्यावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी नोव्हेंबरात एखादे हिरव्या डागाचे पान उचलून उजेडासमोर धरावे. पापुद्र्यांमधली बिनपायांची अळी नुसत्या डोळ्यांनीही दिसते.