तत्त्वज्ञान कुठं सुरू होतं?

आमच्या केडगावात कुणी उसासा टाकून 'जगात कुणी कुणाचं नसतं' म्हणालं, की शेजारचा हमखास म्हणतो, 'झालं याचं तत्त्वज्ञान सुरू!' मराठीत हा अर्थ इतका रुळला आहे, की त्याला हटकायचीही सोय उरलेली नाही. पण असल्या वाक्यापाशी विचार संपलेला असतो. 'कुणाचं असणं' म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर कुठं तत्त्वज्ञानाला आरंभ होतो.

बँकेत कर्जाचा अर्ज समोर आला, की 'हा फेडेल का?' हा माझा प्रश्न असे. सातबारा, जामीनदार, मागचं खातं पाहायचं आणि अंदाज बांधायचा. विचार कठीणच, पण तो रोजच्या व्यवहारातला. 'दिलेला शब्द पाळायचाच का?' किंवा 'आज सही करणारा आणि पंधरा वर्षांनी हप्ता भरणारा माणूस एकच कशावरून?' असले प्रश्न मी काढले असते, तर साहेबांनी मला रजेवर धाडलं असतं. रांग उभी असताना ते योग्यही ठरलं असतं! व्यवहारातला विचार काही गोष्टी धरून चालतो. तत्त्वज्ञान त्या धरलेल्या गोष्टींनाच हात घालतं. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही.

याचं अस्सल उदाहरण पाहायला अथेन्सला जायला नको. केडगावाहून साठ-पासष्ट किलोमीटरवर प्रवरेकाठी नेवासं आहे. तिथं १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि परंपरा म्हणते, 'अमृतानुभव'ही तिथलाच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. 'अमृतानुभव' मात्र स्वतंत्र ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव शिवाचा आणि श्रीकृष्णाचा आधार देतात आणि लगेच बजावतात, की त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी हे असंच असतं. तेराव्या शतकातला एक तरुण हे लिहितो!

सातव्या प्रकरणात तर ते अज्ञानालाच उलटतपासणीला उभं करतात. अज्ञान घालवावं कसं, ही सगळ्यांची चिंता. ज्ञानदेव विचारतात, ते आहे तरी कुठं? त्यानं जाणणाऱ्याला पुरतं झाकलं, तर 'अज्ञान आहे' अशी साक्ष द्यायला कुणी उरत नाही. झाकलं नाही, तर त्याला अज्ञान का म्हणायचं? मिठाची मासोळी पाण्यात विरघळते आणि पाण्याबाहेर जगत नाही, तशी त्याची गत.

आता गंमत पाहा. हा ग्रंथ आपण मखरात ठेवला. माउलींपुढं मस्तक ठेवावंच, मीही ठेवतो. पण ज्यानं देवाचा शब्दही केवळ देवाचा म्हणून घेतला नाही, त्याच्याशी वाद घालायचं आपण सोडून दिलं.

वादाला जागा तर आहे. 'मला हे ठाऊक नाही' ही जाणीव आपल्याला रोज होते. अज्ञानाचा पुरावा म्हणून अद्वैत वेदान्ती नेमक्या याच अनुभवाकडे बोट दाखवतात. मग अज्ञानाला साक्षीदार नाही, हे कसं? ज्ञानदेवांच्या बाजूनं उत्तर देता येईल. पण आधी कुणी विचारायला तर हवं. सप्ताहाच्या मंडपात हा आक्षेप घेतलेला मी अजून ऐकलेला नाही.