विश्लेषण : ‘लायपोसक्शन’ने वजन कमी होते का? ऑपरेशनआधी काय तपासावे?

कन्नड मालिकांतील अभिनेत्री चेतना राज अवघ्या २१ वर्षांची होती. १६ मे २०२२ रोजी बेंगळुरूतील एका खासगी रुग्णालयात तिने चरबी काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पालकांना कळवले नव्हते. संध्याकाळी प्रकृती बिघडल्याने तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यात आले, पण तिचा जीव वाचला नाही.

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत घालवणाऱ्यांना ‘एका दिवसात सपाट पोट’ हा पर्याय सोपा वाटू शकतो. मात्र ही पार्लरमधली ट्रीटमेंट नाही, ऑपरेशन आहे.

नेमके काय करतात?

सलाइनमध्ये भूल देणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनालिन मिसळून ते त्वचेखाली सोडतात. मग कॅन्युला या पोकळ नळीने चरबी ओढून घेतात. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढल्यास ते मोठे लायपोसक्शन मानले जाते आणि धोकाही वाढतो. रक्ताची किंवा चरबीची गुठळी फुप्फुसात अडकणे, औषधाची विषबाधा, शरीरात पाणी जास्त होणे, क्वचित नळीने आतड्याला इजा होणे, हे त्यातले गंभीर प्रकार.

मधुमेह आटोक्यात येईल का?

नाही. नळी फक्त त्वचेखालची चरबी काढते. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त संबंध असलेली, पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी तशीच राहते. अमेरिकेत २००४ मध्ये १५ लठ्ठ महिलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १० किलो चरबी काढूनही १०-१२ आठवड्यांनी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला नव्हता. त्यामुळे व्यायाम-आहाराने न हटणारा एखादा भाग आटोपशीर करणे, एवढीच अपेक्षा ठेवावी. पुढे वजन वाढले तर चरबी परत साठतेच.

डॉक्टर आणि रुग्णालय कसे तपासाल?

प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, ते पाहा. नावापुढे ‘कॉस्मेटिक’ लिहिणे पुरेसे नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. रुग्णालयाची नर्सिंग होम नोंदणीही विचारावी. सूस, म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आल्याने तिथली नोंदणी महापालिकेकडे. ग्रामीण भागात ती जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे असते. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हे थेट विचारा. उत्तर टाळले, तर बाहेर पडलेले बरे.

मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतले काहीही लपवू नये. गोळ्या मनाने बंदही करू नयेत.

खर्च कोण देणार?

स्वतःच. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. इतर उपचारांना असलेली जीएसटी सवलतही तिला नाही. तिच्यावर कर लागतो. कोटेशन घेताना तो धरला आहे का, पाहावे. दाबपट्टा आणि नंतरच्या तपासण्यांचे पैसेही त्यात आहेत का, तेही विचारावे.

घरी कधी जावे?

त्याच दिवशी सोडले तरी ताम्हिणीकडच्या किंवा मुळशी धरणापलीकडच्या गावांतल्यांनी पहिली रात्र रुग्णालयाजवळच काढावी. दम लागणे, छातीत दुखणे, पोटरी सुजणे, ताप किंवा पोट कडक होणे यांपैकी काही झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे लागते. पौड रस्त्यावरच्या कोंडीत तो वेळ जातो. सोबत घरचे माणूस हवे आणि त्याला ऑपरेशनची पूर्ण माहिती हवी.