दुखण्याची फिर्याद

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या कुठल्याही दुकानातून एक दोनशेपानी वही घ्यायची, कॅन्सरची औषधं चालू असलेल्या मुलाच्या हाती द्यायची आणि सांगायचं, "रोज काय होतंय ते लिहीत जा." स्वस्त आणि सोपं काम. मग त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप कशाला?

उत्तर एका खट्याळ प्रयोगात आहे. 2002 साली आर्थर स्टोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या गटाने जुनाट दुखणं असलेल्या प्रौढांना कागदी रोजनिशी दिली. तिच्या फाइलीत प्रकाश टिपणारा सेन्सर लपवलेला होता. फाइल कधी उघडली, हे तो गुपचूप टिपायचा. कागदावरच्या तारखा-वेळा पाहिल्या, तर 90 टक्के नोंदी वेळेवर! सेन्सरला विचारलं, तर फक्त 11 टक्के. सुट्टीचा अभ्यास शाळा उघडायच्या आदल्या रात्री उरकावा, तसं दुखणं एका बैठकीत भरलेलं. ज्यांना हातात मावणारं यंत्र दिलं, त्यांच्या 94 टक्के नोंदी वेळेवर होत्या.

मोठ्यांची ही तऱ्हा, तर मुलांचं काय? टोरंटोच्या 'सिककिड्स' रुग्णालयात जेनिफर स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी भन्नाट डोकं लढवलं. त्यांच्या 'पेन स्क्वॉड' अ‍ॅपमध्ये मूल थेट पोलिसात भरती होतं. दिवसातून दोनदा फोन वाजतो. शरीराच्या चित्रावर दुखरी जागा दाखवून रिपोर्ट द्यायचा. नेमाने दिला की बढती, आणि पाठ थोपटायला व्हिडिओत कोण? कॅनडातल्या टीव्हीवरच्या पोलिस मालिकांमधले खरेखुरे नट!

त्याच रुग्णालयात लिलियन सुंग यांच्या गटाने 8 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी 'एसएसपेडी' ही प्रश्नावली तयार केली. तिच्यात 15 त्रास आहेत. तोंड येणं, उलटी, बद्धकोष्ठता तर आहेच. पण चव बदलणं, चिडचिड आणि चेहरा-शरीर वेगळं दिसू लागणंही आहे. प्रश्न तरी किती शहाणा! 'हे किती आहे?' असं नाही, तर 'याचा तुला किती त्रास होतोय?' मुलाखेरीज हे कोण सांगणार?

त्याच यादीतल्या हातापायांच्या मुंग्याच घ्या. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं महत्त्वाचं औषध. त्याने नसांना इजा होऊ शकते. शर्टाचं बटण लागत नाही, पाय अडखळतो. घरच्यांना वाटतं, पोरगं धांदरट झालंय. आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" तर उत्तर ठरलेलं: "बरं."

असं विचारल्याने खरंच फरक पडतो? 2024 मध्ये अमेरिकेतल्या 20 केंद्रांवरच्या 445 मुलांच्या अभ्यासाचे निकाल आले. काही केंद्रांत मुलांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा त्रास नोंदवला. तो उपचार करणाऱ्यांपर्यंत पोचला, कशावर काय करायचं हेही ठरलेलं होतं. तिथे त्रास कमी झाला. गंमत म्हणजे, तातडीच्या विभागातल्या फेऱ्या मात्र वाढल्या! कुणाला यात अपयश दिसेल. मला वाटतं, विचारायला बसलं की ऐकावंही लागतं, आणि ऐकलं की धावपळ आलीच.

प्रौढांचा आकडा तर चक्रावून टाकतो. इथन बाश यांच्या 766 रुग्णांच्या अभ्यासात (2017) नोंदी करणारा गट मध्यकानुसार 31.2 महिने जगला, बाकीचे 26. पाच महिने जास्त! नवं औषध? छे. त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा, एवढंच.

आपल्याकडे आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे आणीबाणी. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा दंडक आहे. पण बीड-परभणीकडच्या गावातून पोचायलाच काही तास जातात. म्हणजे दूरवरून खबर देणाऱ्या साधनाची गरज टोरंटोपेक्षा इथे जास्त! अट इतकीच, की प्रश्न मराठीत हवेत, घरातला एकुलता फोन बापाबरोबर शेतात जात असेल तर ते संध्याकाळी यायला हवेत, आणि पलीकडे वाचणारं माणूस हवं. ताप मात्र अ‍ॅपमध्ये भरत बसायचा नाही. लगेच डॉक्टरांना फोन लावायचा आणि निघायचं.